प्रार्थना सभा आहे, पण प्रार्थना सेवा आहे का?

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थना सेवा सुरू करायची ठरलं की बहुधा पहिला ठराव होतो तो आणखी एका सभेचा. वार ठरतो, वेळ ठरते. गीतं होतात, वचन होतं, विनंत्या येतात, प्रार्थना होते, शेवटी आशीर्वाद. सभा चांगली भरते आणि सेवा सुरू झाली असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात सभाच तेवढी वाढलेली असते.

हा फरक मला एका चिठ्ठीने शिकवला. एका आजींनी सुनेच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना मागितली होती. आम्ही त्या संध्याकाळी मनापासून प्रार्थना केली, दोघांचे तर डोळे भरून आले. चिठ्ठी मी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ठेवली. दोन महिन्यांनी त्यातलं याकोबाचं पत्र उघडताना ती हाताला लागली. तोवर ऑपरेशन होऊन सून घरी आली होती आणि आमच्यापैकी एकानेही फोन केला नव्हता. प्रार्थनेत खोट नव्हती, पण सभा संपल्यावर त्या चिठ्ठीला कुणी वाली उरला नव्हता.

सभेचं बळ एकत्र येण्यात आहे आणि ते मी कमी लेखत नाही. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात असताना मार्काची आई मरीया हिच्या घरी पुष्कळ जण जमून प्रार्थना करत होते, हे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात आहे. २३ सप्टेंबर १८५७ रोजी न्यूयॉर्कच्या फुल्टन स्ट्रीटवर जेरमाया लॅनफिअर यांनी दुपारची प्रार्थना सभा ठेवली. पहिला अर्धा तास ते एकटेच होते, नंतर मोजकी माणसं आली. पुढे गर्दी वाढली तेव्हा कुणीही पाच मिनिटांहून जास्त बोलायचं नाही असा नियम तिथे होता. एकाच भावाची प्रार्थना वीस मिनिटं चालते, अशा प्रत्येक सभेने हा नियम घ्यावा.

सेवेचं बळ मात्र नेमणुकीत आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’च्याच ६व्या अध्यायात प्रेषितांनी विधवांच्या रोजच्या वाटपासाठी सात जण नेमले, ते स्वतःला प्रार्थनेला आणि वचनाच्या सेवेला वाहून घेता यावं म्हणून. प्रार्थना हेही नेमून दिलेलं काम आहे हे तिथे स्पष्ट दिसतं. १७२७ मध्ये जर्मनीतल्या हर्नहुट इथे मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीतल्या २४ पुरुषांनी आणि २४ स्त्रियांनी दिवसाचे तास वाटून घेतले. ती साखळी शंभराहून अधिक वर्षं चालली. तिथे प्रत्येक तास कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला होता.

म्हणून ठरवायला बसाल तेव्हा आधी माणसं ठरवा. चार पुरेत, पण तोंड सांभाळणारी हवीत. एकाकडे वही द्या: तारीख, विनंती, कुणाकडे सोपवली, पुन्हा कधी विचारायचं, काय झालं. यातला चौथा रकाना सगळ्यात मोलाचा. तपासणी मंगळवारी असेल तर त्या घरी बुधवारी फोन जायला हवा. पाळकांना (पास्टरांना) आणि मंडळीच्या पंचांना दर तीन महिन्यांनी आढावा द्या, पण त्यात नावं नकोत, फक्त किती विनंत्या आल्या आणि कुठे हात कमी पडले एवढंच असावं.

गुप्ततेबद्दल जरा थांबून बोलतो, कारण सगळ्यात जास्त जखमा इथेच होतात. सभेत विनंती उघडपणे बोलली जाते आणि बोलणाऱ्याला ते ठाऊक असतं. सेवेकडे येणारी विनंती बहुतेकदा दाराआडची असते. नवऱ्याचं व्यसन, मोडत चाललेलं लग्न, नैराश्य. ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून गेली की अर्ध्या तासात तिची चर्चा होते. विनंती घेतानाच विचारा: हे फक्त पाळकांना सांगू, गटाला सांगू, की सभेत मांडू? उत्तर विनंतीशेजारीच लिहा. मारहाण किंवा मुलांशी गैरवर्तन असं काही पुढे आलं, तर मात्र नुसती प्रार्थना करून थांबू नका. हे गुप्त ठेवता येणार नाही असं त्या व्यक्तीला प्रेमाने सांगा आणि मदत करू शकतील अशांपर्यंत पोहोचा.

उपासनेनंतर कुणासाठी प्रार्थना करायची तर दोघांनी मिळून करावी. हात ठेवण्याआधी विचारावं. औषध बंद करा असं कुणालाही, कधीही सांगू नये. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. त्यात वैद्याला दूर ठेवा असं कुठेही नाही.

आपल्याकडे नक्की काय आहे हे कळत नसेल, तर एक साधी खूण आहे. या आठवड्याची सभा रद्द झाली असं समजा. मागच्या वेळी आलेल्या विनंत्यांसाठी आज कोण प्रार्थना करतंय, हे नावानिशी सांगता आलं तर सेवा आहे.

दोन्ही असतील तर ती एकमेकींना जोडा. आमच्याकडे आता सभेच्या सुरुवातीला, नव्या विनंत्या घेण्याआधी, वहीतल्या दोन-तीन जुन्या नोंदी त्या-त्या घरच्यांची परवानगी घेऊन वाचल्या जातात. उत्तर मिळालेल्या वाचतो, तशाच अजून वाट पाहत असलेल्याही.