शिदोरी (कोल्हापूर परिसर)

सहलीला, यात्रेला किंवा शेतावर जाताना घरून बांधून नेलेले जेवण म्हणजे शिदोरी. कोल्हापूरचे नाव रश्श्यासाठी गाजले असले तरी इथली शिदोरी कोरडी असते. पाणी जितके कमी, तितका पदार्थ अधिक टिकतो, ही जाण तिच्यामागे आहे. रस्सा खायचाच असेल तर चूल जागेवर जाऊन मांडली जाते.

शिदोरीचा कणा म्हणजे जोंधळ्याची भाकरी. बांधायची भाकरी रोजच्यापेक्षा थोडी पातळ थापतात आणि दोन्ही अंगांनी नीट शेकतात. तव्यावरून उतरवली की ती लगेच डब्यात घालत नाहीत, टोपलीत किंवा सुपात उभी करून गार होऊ देतात. गरम भाकऱ्या झाकल्या की वाफेचे पाणी होते, तळची भाकरी चिंब होते आणि दुपारपर्यंत तिला आंबूस वास येतो. शिदोरी बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण हीच सकाळची घाई आहे. दोन दिवसांचा प्रवास असेल तर पीठ पाण्याऐवजी दुधात मळून दशम्या करतात. त्या मऊही राहतात. पापडासारखी वाळवलेली कडक भाकरी तर कितीतरी दिवस टिकते. लहान मुले बरोबर असतील तर धपाटी सोयीची, कारण त्यांच्यात तिखटमीठ आधीच असते आणि चालता चालताही खाता येतात.

तोंडी लावायला झुणका आणि खर्डा. पिठले पळीवाढे असते, म्हणून ते घरीच राहते. झुणका तेलावर परतून मोकळा केलेला असतो, म्हणून तो डब्यात जातो. खर्ड्यासाठी हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे तव्यावर भाजून, मीठ घालून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडतात. पाण्याचा थेंब लागू दिला नाही तर तो दुसऱ्या दिवशीही चांगला लागतो. कांदा चिरून नेण्यात अर्थ नसतो. तो अख्खा न्यावा आणि जेवायला बसल्यावर बुक्कीने फोडावा. काकडी-टोमॅटोचेही तसेच. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण उन्हातून चालून आल्यावर गूळ खाऊन पाणी पिण्याची इथली सवय त्याहून कितीतरी जुनी आहे.

दहीभाताची युक्ती वेगळी आहे. भात दही घालून नेला तर पोचेपर्यंत आंबट होतो. म्हणून गार झालेल्या मऊ भातात कोमट दूध आणि जेमतेम चमचाभर दही घालतात. वाटेत दूध विरजते आणि जेवणाच्या वेळी भात गोडसर राहतो. भडंग, म्हणजे मसाला लावलेले चुरमुरे, मात्र पावसाळ्यात फार जपावे लागते. घट्ट झाकणाच्या डब्याबाहेर ते अर्ध्या तासात सादळते.

काय न्यायचे हे ठिकाणावर ठरते. जोतिबाला आणि नरसोबाच्या वाडीला शाकाहारी शिदोरी जाते. पन्हाळा गड कोल्हापूर शहरापासून सुमारे २० किलोमीटर. तिथे स्थानिक बायका गरम झुणका-भाकर, खर्डा आणि मडक्यातले दही देतात. त्यामुळे मोठा डबा उचलून नेण्याची गरज नसते, आणि गडावरची ती भाकरी चुकवूही नये. दाजीपूर आणि गगनबावडा ही ठिकाणे दूरची आणि धो धो पावसाची. तिथे दोन्ही वेळचे पुरेल इतके घेऊन निघावे. दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी राखलेल्या आणि १९५८ पासून संरक्षित असलेल्या राधानगरी अभयारण्यात येते. तिथे उरलेली भाकरी झाडाखाली टाकणे म्हणजे वन्यप्राण्यांना माणसाच्या अन्नाची चटक लावणे. उरलेले सगळे परत आणावे. आषाढात टेंबलाईच्या, म्हणजेच त्र्यंबोली देवीच्या, यात्रेला पंचगंगेचे नवे पाणी वाजतगाजत तिच्या देवळात नेतात आणि त्यानिमित्ताने घरोघरी मटणाचा बेत होतो.

मटणाच्या सहलीची खरी कोल्हापुरी रीत म्हणजे रस्सा मंडळ. मित्रमंडळी वर्गणी काढून एखाद्याच्या मळ्यात, विहिरीजवळ जमतात. घरून भाकरी, कांदा-लसूण चटणी आणि कोरडे वाटण येते. वाटणातले सुके खोबरे, तीळ आणि खसखस भाजून, पाणी न घालता कुटलेले असतात. मटण सगळ्यांत शेवटी विकत घ्यायचे आणि पोचताच शिजायला लावायचे. शिजलेल्या अळणी पाण्यातून एकीकडे तांबडा रस्सा होतो, दुसरीकडे नारळाच्या दुधाचा पांढरा. पांढरा रस्सा केला की लगेच संपवावा. नारळाचे दूध फार लवकर उतरते, आणि उन्हात ठेवलेला पांढरा रस्सा संध्याकाळी गरम करून वाढणे धोक्याचे आहे.

याचे कारण साधे आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. शिजवलेले ओलसर अन्न अशा तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, म्हणून नेण्याचा भात परातीत पसरून लवकर गार करावा. भाजीला तार सुटली किंवा फेस आला तर ती चाखूनही पाहू नये. उलट वास-चव ठीक आहे म्हणजे अन्न चांगले आहे, असेही नाही. कोरडी चटणी, गूळ आणि भडंग यांना हा नियम तितकासा लागू नाही, कारण त्यांच्यात जिवाणूंना वाढायला पुरेसे पाणीच नसते.

बांधणीत अजूनही धुतलेल्या सुती फडक्याला तोड नाही. ते भाकरीची उरलीसुरली वाफ शोषते आणि जेवताना खाली अंथरताही येते. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत किंवा ॲल्युमिनियमच्या कागदात ठेवू नयेत. त्यांना स्टीलचा डबा बरा. राज्यात २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आणि एकदाच वापरायच्या ताट-वाट्यांवर बंदी आली, पण पळसाच्या पत्रावळीची सोय इथे आधीपासून होतीच. पिशवी भरताना पाण्याच्या बाटल्या तळाशी, त्यावर डबे आणि भाकरीचे फडके सगळ्यांत वर ठेवतात. गगनबावड्याच्या वळणांवर पिशवी आडवी झाली तरी भाकरीचा तुकडा पडत नाही.