आफ्रिकेतील मशिदी

आफ्रिका खंडात इस्लामच्या पहिल्या शतकापासून आजपर्यंत बांधल्या गेलेल्या मशिदी. त्यांची मिळून एक शैली सांगता येत नाही. पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला मशीद म्हटली की दख्खनी घुमट आणि निमुळते मिनार आठवतात. आफ्रिकेतल्या कित्येक जुन्या मशिदींना मात्र घुमट नाही, काहींना मिनारही नाही. मक्केची दिशा दाखवणारा मिहराब तेवढा सगळीकडे. बाकीचे रूप त्या त्या मुलखात मिळणाऱ्या साहित्याने आणि तिथल्या गवंड्यांनी ठरवले.

इजिप्त जिंकल्यावर अरब सेनापती अम्र इब्न अल-आसने इ.स. 641-42 च्या सुमारास फुस्तात (आजच्या कैरोचा भाग) येथे उभारलेली मशीद खंडातील सर्वांत जुन्यांपैकी एक मानतात. खजुराच्या खोडांचे खांब असलेली मूळ वास्तू कधीच नाहीशी झाली; आज दिसते ते पुढच्या शतकांत वाढवत नेलेले बांधकाम. ट्युनिशियात कैरुआन येथे उक्बा इब्न नाफीने 670 मध्ये पाया घातलेल्या मशिदीचे आजचे रूप 836 पासूनचे आहे. तिचा चौकोनी, तीन टप्प्यांचा, सुमारे 31 मीटर उंच मिनार पुढे मगरिबातल्या (वायव्य आफ्रिकेतल्या) मिनारांचा नमुना ठरला. आतले बरेचसे खांब रोमन आणि बायझंटिन अवशेषांतून उचलून आणलेले आहेत. कैरोची इब्न तुलून मशीद (876–879) विटांची आहे. फेझची अल-करवियीन (859) आणि कैरोची अल-अझर (972) या दोन्ही मशिदी वास्तू म्हणून आहेत त्यापेक्षा विद्यापीठे म्हणूनच जास्त प्रसिद्ध आहेत.

सहाराच्या दक्षिणेला दगड आणि लाकूड दोन्ही दुर्मीळ होते, म्हणून तिथे मशिदी मातीच्या झाल्या. या नोंदीच्या दृष्टीने खंडातले खरे नवल इथे आहे. मालीतील तिंबक्तूची जिंगारेबेर मशीद 1327 च्या सुमाराची. मक्केहून परतलेल्या मालीच्या सम्राट मन्सा मूसाने ती स्पेनमधल्या ग्रानाडाच्या अल-साहिलीकडून बांधून घेतली, अशी परंपरा सांगते. जेन्नेची मोठी मशीद आजच्या रूपात 1907 ची, म्हणजे फ्रेंच राजवटीतली; आधीची मशीद एकोणिसाव्या शतकात पडझड होऊन गेली होती. सुमारे 75 मीटर लांबी-रुंदीच्या, तीन मीटर उंच चबुतऱ्यावर ती उभी आहे. मक्का पूर्वेला असल्यामुळे किब्ल्याची (नमाजाच्या दिशेची) भिंत पूर्वेकडची, आणि बाजाराकडे तोंड करून असलेली हीच दर्शनी बाजू. तिच्यात तीन बुरूज आहेत, त्यांच्या टोकांवर शहामृगाची अंडी बसवलेली. भिंतीतून बाहेर डोकावणारे ताडाच्या लाकडांचे जुडगे शोभेसाठी असतात असे पाहुण्यांना वाटते, पण ती कायमची बांधलेली परांची आहे.

परांची लागते ती गिलाव्यासाठी. पावसाने दरवर्षी भिंतीचा थर धुपतो, म्हणून पावसाळ्याआधी सारे गाव एका दिवसात मशीद नव्याने लिंपते. नदीकाठची माती आणि भाताचा कोंडा खड्ड्यांत दिवसेंदिवस मुरवतात. पोरे त्यात नाचून तो गारा कालवतात. ठरल्या दिवशी पहाटे टोपल्या भरून धावत येणाऱ्या तरुणांत पहिली माती कोण पोचवतो याची चढाओढ लागते, बाया पाणी वाहतात, आणि गवंड्यांच्या संघटनेतली वडीलधारी मंडळी देखरेख करतात. ज्यांच्या घरी पावसाआधी धाब्यावर माती टाकून चोपायची रीत होती, त्यांना हे काम काय असते ते सांगायला नको.

या मशिदींच्या जतनाच्या कथेत पुण्याला ओळखीचे एक नाव येते: इस्माइली मुस्लिमांचे धर्मप्रमुख आगाखान. पुण्याच्या नगर रस्त्यावरचा राजवाडा तिसऱ्या आगाखानांनी 1892 मध्ये बांधला. 1942 ते 1944 मध्ये गांधीजी तिथे स्थानबद्ध होते, आणि 1969 मध्ये चौथ्या आगाखानांनी तो देशाला दिला. त्याच चौथ्या आगाखानांच्या सांस्कृतिक न्यासाने मालीतील मोप्ती, तिंबक्तू आणि जेन्ने येथील मशिदींच्या दुरुस्तीस पैसा आणि तज्ज्ञ पुरवले. हे काम सुखासुखी झाले नाही. सप्टेंबर 2006 मध्ये जेन्नेत तपासणीसाठी छताला भोके पाडायला लागताच गावात दंगल उसळली. वर्षानुवर्षे साचलेले गिलाव्याचे जाड थर पुढे उतरवावे लागले. नोव्हेंबर 2009 मध्ये चोवीस तासांत 75 मिलिमीटर पाऊस झाला आणि दक्षिणेकडच्या बुरुजाचा वरचा भाग कोसळला. पुण्याच्या जुलैत एवढा पाऊस नवलाचा नाही. साहेलच्या (सहाराच्या दक्षिण कडेच्या कोरड्या पट्ट्याच्या) मातीला, तोही नोव्हेंबरात, पेलला नाही. बुरूज न्यासाच्या खर्चाने पुन्हा बांधण्यात आला. तिंबक्तूत 2012 मध्ये अतिरेक्यांनी जिंगारेबेरला लागून असलेल्या कबरी पाडल्या. त्या स्थानिक गवंड्यांनीच परत उभ्या केल्या.

पूर्व किनाऱ्यावर मातीची जागा प्रवाळाने घेतली. ओले असताना हे दगड मऊ असतात, सहज कापले जातात, आणि वाऱ्यावर कडक होतात. चुनाही प्रवाळ भाजूनच करतात. टांझानियातील किल्वा बेटावरची मोठी मशीद याच दगडाची, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीस घुमट घालून वाढवलेली. पुढे दौलताबादला येऊन गेलेला इब्न बतूता 1331 मध्ये किल्व्यात उतरला होता.

दक्षिण आफ्रिकेतली मशिदींची सुरुवात गुलाम आणि कैद्यांनी केली. इंडोनेशियातल्या तिदोरे बेटावरून हद्दपार केलेले तुआन गुरू केपटाउनच्या अव्वल मशिदीचे (1794) पहिले इमाम. ज्या घरात ती सुरू झाली ते मुक्त झालेल्या गुलामाच्या कुटुंबाचे होते. डर्बनची ग्रे स्ट्रीटवरची जुम्मा मशीद 1881 पासूनची, भारतीय व्यापाऱ्यांची. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले सूफीसाहेब 1895 मध्ये डर्बनला उतरले आणि त्यांनी उमगेनी नदीकाठी मशीद उभारली. केपटाउनच्या हबीबिया मशिदीची (1905) स्थापनाही त्यांच्याकडे जाते. कोकणातून केपटाउनला गेलेल्या मुस्लिम कुटुंबांची वस्ती तिथे आजही आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मशिदी राष्ट्राची खूण म्हणून बांधल्या जाऊ लागल्या आणि मिनारांची उंची हा मानाचा प्रश्न झाला. सेनेगलमधील तूबाची मशीद (1963) त्याला काहीशी अपवाद: ती मुरीद या सूफी पंथाच्या अनुयायांच्या वर्गणीतून आणि श्रमातून उभी राहिली. कासाब्लांकाची हसन दुसरे मशीद (1993) अंशतः समुद्रावर आहे, तिचे छत सरकते, आणि मिनार सुमारे 200 मीटरचा आहे. तिच्यासाठी जनतेकडून गोळा केलेल्या पैशांवरून मोरोक्कोत पुष्कळ कुरबुर झाली. अल्जियर्सच्या जामा अल-जझाइरने तिला मागे टाकले: 265 मीटरचा मिनार जगात सर्वांत उंच, आराखडा जर्मन वास्तुविशारदांचा, बांधकाम चिनी कंपनीचे. तिथे पहिली नमाज ऑक्टोबर 2020 मध्ये झाली, आणि रीतसर उद्घाटन फेब्रुवारी 2024 मध्ये. 2003 चा मोठा भूकंप या शहराने अनुभवलेला असल्याने प्रार्थनागृहाच्या पायाखाली धक्के झेलणारी बेअरिंगे बसवली आहेत. मिनाराच्या काही मजल्यांवर संग्रहालय आहे, आणि वर शहर पाहण्यासाठी सज्जा.