प्रत्यारोपणोत्तर लसीकापेशी-वृद्धिविकार

मूत्रपिंड, यकृत, हृदय किंवा अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबून ठेवल्यामुळे लसीकापेशींची, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची, बेसुमार वाढ होऊन उद्भवणाऱ्या विकारांचा गट. डॉक्टरमंडळी त्याला ‘पीटीएलडी’ म्हणतात. नुसत्या सुजलेल्या टॉन्सिलपासून झपाट्याने पसरणाऱ्या लिम्फोमापर्यंत, म्हणजे लसीकापेशींच्या कर्करोगापर्यंत, त्याची रूपे आढळतात.

बॉस्टनमध्ये १९५४ साली जोसेफ मरे यांनी केलेले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण एकरूप जुळ्या भावांमधले होते, म्हणून शरीराने तो अवयव परका मानला नाही. बाकी सर्वांना औषधांचा आधार लागतो. सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतील बुरशीपासून मिळाले, तर टॅक्रोलिमस जपानमधील त्सुकुबाच्या मातीतील जिवाणूपासून. नव्या अवयवावर चाल करून जाणाऱ्या टी-पेशींना, म्हणजे एका प्रकारच्या लसीकापेशींना, ही औषधे रोखतात. पण त्याच टी-पेशी आणखी एका शत्रूवर पहारा देत असतात, आणि या विकाराचे मूळ तिथे आहे.

तो शत्रू म्हणजे एपस्टाइन-बार विषाणू. १९६४ साली बर्किट लिम्फोमा या लिम्फोमाच्या एका प्रकाराच्या पेशींत तो प्रथम दिसला. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो. लाळेतून येतो, बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या लसीकापेशींमध्ये दडून बसतो आणि जन्मभर तिथेच राहतो. टी-पेशी जाग्या असतील तर त्याचा उपद्रव होत नाही. त्यांचा पहारा ढिला पडला की विषाणूने चेतवलेल्या बी-पेशी वाढतच जातात. ज्या रुग्णाला हा संसर्ग आधी कधीच झालेला नाही आणि ज्याला बाधित दात्याचा अवयव मिळतो, त्याला सर्वाधिक धोका असतो. लहान मुलांमध्ये हा विकार जास्त दिसतो तो याच कारणाने. आतड्याच्या प्रत्यारोपणात प्रतिकारशक्तीवरचा दाब जबर ठेवावा लागतो, त्यामुळे तिथे प्रमाण मोठे. मूत्रपिंडाच्या बाबतीत ते बरेच कमी. पहिले वर्ष विशेष जोखमीचे असले तरी दहा वर्षांनंतरही विकार उद्भवू शकतो, आणि उशिरा होणाऱ्या विकारांत पुष्कळदा या विषाणूचा मागमूस नसतो.

लक्षणे फसवी असतात. न उतरणारा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, मानेत वा काखेत गाठ. भारतात अशा रुग्णाच्या बाबतीत आधी क्षयरोगाचा संशय येतो आणि तो रास्तच आहे, कारण याच औषधांमुळे क्षयही डोके वर काढतो. म्हणून गाठीचा तुकडा तपासल्याखेरीज निदान पक्के मानू नये.

१९८४ साली अमेरिकन प्रत्यारोपण शल्यचिकित्सक टॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की औषधांची मात्रा कमी केली किंवा ती थांबवली, तर अशा गाठी विरूही शकतात. कर्करोगासारखी वाढ केमोथेरपीशिवाय ओसरणे ही वैद्यकातील विलक्षण गोष्ट आहे. आजही उपचाराची पहिली पायरी बहुधा हीच असते. मात्र त्यात अवयव नाकारला जाण्याचा धोका असल्याने मात्रा कमी करण्याचा निर्णय तज्ज्ञाचाच असावा. रुग्णाने गोळ्या परस्पर बंद करणे घातक ठरते. तेवढ्याने भागले नाही तर बी-पेशींना नष्ट करणारे रिटुक्सिमॅब हे औषध, मग केमोथेरपी. या विषाणूविरुद्ध तयार केलेल्या दात्याच्या टी-पेशी देण्याच्या उपचारालाही २०२२ मध्ये युरोपात मान्यता मिळाली.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्यांतही असा विकार आढळतो आणि औषध थांबवल्यावर काही वेळा तो मावळतो.

प्रत्यारोपणानंतरच्या औषधांचे इतर दुष्परिणामही थोडे नाहीत. सायक्लोस्पोरिनमुळे हिरड्या वाढतात, अंगावर लव येते. टॅक्रोलिमसमुळे हात कापतात, मधुमेह जडू शकतो. मूत्रपिंड वाचवण्यासाठी दिलेली ही दोन्ही औषधे दीर्घकाळात मूत्रपिंडालाच इजा करतात. स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात. मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे आणखी एक औषध गर्भाला घातक असते. पपनस खाल्ल्याने रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी वाढू शकते. म्हणून घरात ते फळ आले तरी या रुग्णाने ते टाळलेले बरे.