तहान लागत नाही म्हणून पाणी नको?

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, काही दिवस तर 43-44 अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या घरात दुपारी तरुण मंडळींच्या माठाकडे सारख्या चकरा चालू असतात. पंचाहत्तरीच्या आजी मात्र पाणी पुढे केलं तरी म्हणतात, "नको गं, तहानच न्हाई." घरच्यांना वाटतं, त्यांना या उन्हाची सवय आहे. सवयीचा यात फारसा संबंध नाही. त्यांच्या शरीरात पाण्याची गरज असते, पण ती मेंदूला पुरेशी जाणवतच नाही.

वय वाढलं की संप्रेरकं कमी होतात, हे आपण ऐकलेलं असतं. पाळी थांबताना इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन हळूहळू. पाणी राखणाऱ्या व्हॅसोप्रेसिनची गोष्ट मात्र वेगळी आहे. हे संप्रेरक मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात तयार होतं, पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात येतं आणि मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावतं. रक्तातल्या क्षारांचं प्रमाण एक-दोन टक्क्यांनी वाढलं तरी ते स्रवू लागतं. म्हातारपणी ते आटत नाही, उलट अनेकांत जास्तच स्रवतं. पण मूत्रपिंड त्याला पूर्वीसारखी दाद देत नाही, आणि पाणी लघवीवाटे निघून जातं.

अशा वेळी तहानेने सावरायला हवं, तर तीही मंदावलेली असते. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट वृद्ध पुरुषांना आणि तरुणांना 24 तास पाण्याविना ठेवलं होतं. नंतर हवं तेवढं पाणी समोर ठेवलं, तेव्हा वृद्धांना तहान कमी जाणवली आणि ते पाणीही कमी प्याले. ही माणसं आजारी नव्हती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्यात रात्रीच्या लघवीची भर. तरुणपणी झोपेत व्हॅसोप्रेसिन वाढतं, म्हणून रात्रभर उठावं लागत नाही. उतारवयात ही रात्रीची वाढ बऱ्याच जणांत कमी होते. (पुरुषांत प्रोस्टेटही कारण असू शकतं.) मग अंधारात उठायला नको म्हणून आजी-आजोबा दिवसाचंच पाणी तोडतात. सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बायकांनाही सारखं उठणं परवडत नाही. ती सवय म्हातारपणापर्यंत सोबत येते. जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असेल, तर अन्नातूनही पाणी थोडंच मिळतं. पातळ आमटी आणि ताक यांना म्हणूनच उन्हाळ्यात मोल आहे.

पाण्याइतकाच मिठाचा प्रश्न आहे. मिठातलं सोडियम शरीरात राखण्याचं काम रेनिन आणि ॲल्डोस्टेरॉन ही शरीरातलीच रसायनं करतात, आणि ही दोन्ही वयानुसार खरोखरच घटतात. घामातून मीठ गेलं, जेवण कमी झालं आणि नुसतं पाणी भरपूर पोटात गेलं, तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड गटातल्या गोळ्या चालू असतील तर धोका जास्त. रक्तातल्या सोडियमची नेहमीची पातळी लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल. ती फार खाली गेली की माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, चालताना तोल जातो. घरचे "आता वय झालं" म्हणून सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज बरळू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठून सोडियम तपासून घ्यायला हवं.

म्हणून वृद्धांना पाणी तहानेवर सोडू नये, घड्याळावर द्यावं. पाणी, ताक, चहा, सरबत मिळून बाईला दिवसाला किमान 1.6 लिटर आणि पुरुषाला 2 लिटर हा साधारण हिशेब, उन्हाळ्यात त्याहून थोडं जास्त. त्यातलं बरंचसं संध्याकाळच्या आत द्यावं, म्हणजे रात्रीची भीती राहत नाही. हृदय कमजोर असलेल्यांना किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना हा हिशेब लागू नाही. त्यांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. लघवी वाढवणारी गोळीही आपल्या मनाने बंद करायची नाही, उन्हाळ्यापूर्वी डोस दाखवून घ्यायचा. आणि लघवीचा रंग फिका दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. वृद्ध मूत्रपिंडाला लघवी दाट करणं जमत नाही, त्यामुळे शरीर कोरडं पडत असतानाही ती फिकी दिसू शकते.