मार्शमॅलो फुगतो कशाने?

‘मार्शमॅलो मुळात औषधी वनस्पती आहे, घसा धरला की दोन खा’ असा सल्ला या मऊ, फुगीर मिठाईबद्दल अधूनमधून फिरत असतो. यातलं वनस्पतीचं तेवढं खरं.

मार्श म्हणजे दलदल. दलदलीच्या काठाने वाढणारी अल्थिया ऑफिसिनॅलिस ही वनस्पती जास्वंद-भेंडीच्या कुळातली. भेंडी चिरताना सुरीला जी तार येते, तसाच बुळबुळीत चीक हिच्या मुळांत भरपूर असतो. १९व्या शतकात फ्रान्समधले मिठाईवाले तो साखर आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाबरोबर फेटत. पुढे चिकाची जागा जिलेटिनने घेतली. आजच्या पाकिटावर मुख्यतः साखर, ग्लुकोज सिरप, पाणी, जिलेटिन हेच सापडतं. घसा बरा करणार कोण?

खरी नवलाई आहे ती फेसात. साबणाचा फेस बसतो, कारण बुडबुड्यांच्या भिंतींतलं पाणी झिरपून जातं. इथे गरम पाक फेटताना जिलेटिनचे लांबलचक रेणू हवा आणि पाक यांच्या सीमेवर जमतात आणि बुडबुड्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. पाक निवाला की हेच धागे तिघातिघांनी पिळले जाऊन जाळं विणतात. पाणी त्यात अडकतं, भिंती थिजतात. हे जाळं साधारण ३५ अंशांना सुटतं आणि आपलं तोंड असतं ३७ अंशांच्या आसपास! म्हणून बोटांत टिकणारा मार्शमॅलो जिभेवर विरघळतो. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून येतं. त्याऐवजी समुद्री शेवाळापासून मिळणारं अगार वापरलं तर ते जाळं ८५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तोंडात त्याचे नुसते तुकडे पडतात.

आता एक मार्शमॅलो बशीत ठेवून मायक्रोवेव्हमध्ये थोडा वेळ तापवा आणि काचेतून बघत राहा. तो दुप्पट-तिप्पट फुगेल. तापल्यावर हवा प्रसरण पावते, हे चार्ल्सच्या नियमावरून आपल्याला माहीत आहे. पण हिशेब करा, आणि त्यात तापमान केल्विनमध्ये घ्या, कारण घनफळ त्याच प्रमाणात वाढतं: २७ अंश म्हणजे ३०० केल्विन, १०० अंश म्हणजे ३७३. दाब तोच राहिला तर हवेचं घनफळ २४ टक्क्यांच्या आसपास वाढेल. बाकीची फुगवण पाण्याच्या वाफेची. जाळं वितळल्यामुळे भिंतीही तिला अडवत नाहीत, ताणल्या जातात, काही फुटतात.

मायक्रोवेव्ह थांबला की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि फुगा सुरकुतून बसतो. चांगला निवू द्या, गरम पाक वाईट भाजतो. मग दाबून बघा. हवा बरीचशी निघून गेलेली असते, हाती लागतो साखर-जिलेटिनचा चिवट गोळा.