मालकी जंगल (कोकण)

मालकी जंगल : खातेदाराच्या नावावरील, सरकारी राखीव किंवा संरक्षित वनात न मोडणारे जंगल. ‘खासगी वन’ हा शब्द त्यासाठी सर्रास वापरला जातो, पण दोन्ही संज्ञा एक नव्हेत. १९७५ च्या खासगी वने (संपादन) कायद्यानंतर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात ‘खासगी वन’ असा शेरा आला, की त्या जमिनीवर शासनाचा हक्क सांगितला जातो. म्हणून ज्या जंगलाची मालकी खरोखर खातेदाराकडे आहे, त्यासाठी येथे लोकांच्या तोंडचा ‘मालकी जंगल’ हाच शब्द घेतला आहे. विदर्भातील मालकी प्रकरणांचा (खातेदाराच्या झाडांच्या तोडीच्या परवानगीच्या प्रकरणांचा) उल्लेख केवळ ओघाने येईल.

रत्नागिरी जिल्ह्यात राखीव वनाचे क्षेत्र फार थोडे; डोंगरउतारावर जी झाडी दिसते ती बहुतांशी मालकीची. हे कसे झाले याविषयी मतभेद आहेत. एक मत याचे मूळ खोतीत शोधते: गावचा वसूल खोताकडे, म्हणून पड आणि वरकस (डोंगरउतारावरील हलक्या) जमिनीवरील झाडावरही खोताचाच हात. दुसरे मत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कलेक्टर डनलॉप यांच्या जाहीरनाम्याकडे बोट दाखवते. त्यामुळे सागासारख्या झाडांवरील सरकारचा हक्क सैल झाला आणि झाडी रयतेकडे व खोतांकडे गेली, असे हे मत मानते. तिसरे मत पुढच्या सर्व्हे सेटलमेंटला (जमीन मोजून सारा ठरवण्याला) महत्त्व देते. त्यात वरकस जमिनीवर हलका आकार (सारा) बसला आणि ती खात्याला जोडली गेली. एकाच कारणाने सगळ्या किनारपट्टीचा उलगडा होत नाही; तरी आजच्या सातबाऱ्याशी थेट दुवा जुळतो तो तिसऱ्या मताचा, म्हणून त्याकडे कल ठेवणे रास्त वाटते. खोतीचा वाद १८८० चा खोती कायदा व १९४९ चा खोती निर्मूलन कायदा यांनी जमिनीपुरता मिटवला, झाडांपुरता तो बराच काळ रेंगाळला.

वरकस जमीन शेतीपासून वेगळी नव्हतीच. ऐन, किंजळ यांच्या फांद्या छाटून (कवळ तोडून) त्या वाळवायच्या, भात-नाचणीच्या रोपांसाठी दाढ (रोपे वाढवण्याची जागा) त्यांनी भाजायची, ही राबाची रीत वरकस रानावरच चाले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील राबाचा प्रश्न १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे आला होता. राबाने जंगल नष्ट होते, असे वनाधिकाऱ्यांचे म्हणणे होते. तर शेतकऱ्याच्या दृष्टीने कवळाचे झाड ही जपण्याची वस्तू होती, कारण पुढच्या वर्षीची दाढ त्याच झाडावर अवलंबून. दोन्हींत तथ्य आहे. छाटलेले झाड जिवंत राहते, पण वरचेवर छाटल्याने त्याला फळ धरत नाही आणि रानात नवे रोप येत नाही.

कायद्याची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे पाचवे प्रकरण सरकारी मालकीच्या नसलेल्या वनांना वाहिलेले आहे. कलम ३५ ने नांगरट, चराई, आग लावणे यांवर निर्बंध घालता येतात. ३६ ने व्यवस्थापन शासनाकडे घेता येते. ३७ ने जमीन संपादता येते. कलम ३८ वेगळ्या जातीचे आहे. त्यानुसार मालक, किंवा अनेक मालक असल्यास किमान दोन तृतीयांश हिश्श्याचे धनी, आपली जमीन वनाधिकाऱ्याने आपल्या वतीने, परस्परांत ठरलेल्या अटींवर सांभाळावी, असा अर्ज कलेक्टरकडे करू शकतात. मालकाने मदत मागावी आणि शासनाने ती करार करून द्यावी, ही तरतूद म्हणजे या विषयाचा खरा गाभा. पण कायदेविषयक लेखनात कलम ३५ च्या नोटिशींवर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत आणि ३८ ची बोळवण एका ओळीत होते. हे नुकसानकारक आहे.

नोटिशींचा वाद असा. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ हा ३० ऑगस्ट १९७५ रोजी अमलात आला व त्या दिवशी व्याख्येत बसणारी खासगी वने शासनाकडे निहित झाली, म्हणजे शासनाच्या मालकीची झाली. (केरळने असाच कायदा १९७१ मध्ये केला होता.) ज्या जमिनीबाबत कलम ३५(३) ची नोटीस ‘दिलेली’ आहे, तीही या व्याख्येत आली. मग नुसती नोटीस काढणे पुरेसे, की ती मालकावर बजावली जाऊन तिची चौकशी पुढे चालू असणे आवश्यक? सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये नोटीस काढणे पुरेसे मानले. विक्रोळीच्या जमिनीसंबंधी गोदरेज अँड बॉइस खटल्यात ३० जानेवारी २०१४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय मोडीत काढला. तेथे नोटीस १९५६-५७ ची होती आणि तिच्यावर दशकानुदशके पुढची कार्यवाही झाली नव्हती. नोटीस बजावलेली हवी आणि प्रक्रिया जिवंत हवी, असे न्यायालयाने ठरवले. हा निर्णय अधिक पटण्याजोगा आहे, कारण मालकाला बाजू मांडण्याची संधीच नसेल तर कलम ३५ च्या रचनेला अर्थ उरत नाही. लहान खातेदारांसाठी १९७५ च्या अधिनियमात कलम २२-अ आहे: संपादनाच्या आदल्या दिवशी ज्यांची एकूण जमीन १२ हेक्टरांपेक्षा अधिक नव्हती, त्यांना वन परत मिळू शकते. मात्र ते राखावे कसे, याविषयी मार्गदर्शनाची वेगळी यंत्रणा या कलमाने उभी केली नाही.

तोडीचे नियमन महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ ने होते. साग, हिरडा, मोह, खैर, ऐन, किंजळ, फणस, जांभूळ अशी अनुसूचित झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या झाडांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तोड व विक्री वनखात्यामार्फत होऊन रक्कम खातेदाराला मिळते. विदर्भातील मालकी प्रकरणे बरीचशी याच वाटेने जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाने ‘वन’ शब्दाचा कोशातील अर्थ, मालकी कोणाचीही असो, लागू केला. वन (संवर्धन) कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतरही, त्याच न्यायालयाच्या १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने राज्यांना तूर्त तोच अर्थ धरून चालावयास सांगितले.

प्रत्यक्षात कोकणातले रान उक्ते विकले जाते. ठेकेदार येतो, उभ्या रानाचा एकरकमी सौदा ठरतो, लाकूड सरपणासाठी घाटावरच्या कारखान्यांकडे जाते. सातबारा सामायिक, भाऊबंद मुंबईत, मोजणी झालेली नाही. अशा वेळी रान राखण्याचा खर्च एकाने करायचा आणि पैसा सर्वांनी वाटून घ्यायचा, हे जमत नाही. ऐन-किंजळ तोडल्यावर खुंटातून फुटवे येतात, म्हणून रान काही वर्षांत पुन्हा हिरवे दिसते. पण तोडीची पाळी आखूड होत गेली की खुंट थकतात, आणि व्हाळाकाठची (ओढ्याकाठची) सदाहरित झाडे तर त्या पाळीत परत येतच नाहीत. खाली एक कूप (तोडीचा पट्टा) तोडताना वरचे राखणे, फळणारी जुनी झाडे बीजासाठी उभी ठेवणे, फुटव्यांपैकी जोमाचे एक-दोन राखून बाकी विरळणे, गवत वाळल्यावर जाळरेषा काढणे, पहिली पावसाळी चराई थांबवणे, ही कामे अवघड नाहीत. ती दहा-वीस वर्षे सातत्याने करणारा माणूस आणि तेवढा काळ टिकणारा मोबदला लागतो. नाहीतर रान काजूखाली जाते. दोडामार्गात रबर व अननसाखाली जमीन गेली, आणि तेथील वृक्षतोडीवर २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. मनाईने झाड वाचते. ज्याने ते आधीपासून राखले त्याच्या हाती मात्र तिने काही पडत नाही.

मोबदल्याच्या दिशेने झालेले काम थोडे आहे, म्हणून त्याची दखल आवश्यक. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर तालुक्यात खासगी जमीनमालकांशी संवर्धन करार केले: ठराविक मुदत रान न तोडण्याच्या बदल्यात मालकाला आर्थिक भरपाई. त्याच संस्थेच्या पुढाकाराने सह्याद्रीतील हिरडा व बेहडा यांच्या फळांना फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळाले. त्यात गोळा करण्याची मर्यादा, गोळा करणाऱ्यांची नोंद व वाजवी दर या अटी असतात. बेहड्याची जुनी, ढोली असलेली झाडे महाधनेशाच्या (कोकणात गरुड) घरट्यासाठी उपयोगी पडतात. अशा प्रमाणपत्रामुळे सरपणाच्या भावाने जाणारे झाड उभे असताना उत्पन्न देऊ लागते. शासनानेच असा मोबदला द्यावा, याचे परिचित उदाहरण कोस्टा रिकाचे: १९९६ च्या वन कायद्याने तेथे इंधनकराच्या उत्पन्नातून खासगी जमीनमालकांना जंगल राखल्याबद्दल पैसे देण्याची सोय केली.

गोव्यात प्रश्न प्रामुख्याने ओळख पटवण्याचा राहिला. सावंत व करापूरकर आणि नंतर थॉमस व अरावजो या समित्यांनी खासगी वने निश्चित करण्याचे काम केले. निकष तीन: सरकारी वनाला लागून असणे किंवा सुटे असल्यास किमान ५ हेक्टर क्षेत्र, ०.४ इतकी छत्रघनता (झाडांच्या छत्राखालील जमिनीचे प्रमाण) आणि ७५ टक्के वनवृक्ष. काजूच्या बागेत मिसळलेले जुने रान व ५ हेक्टरांहून लहान सुटे तुकडे या चौकटीबाहेर पडतात.