‘नीवेल’ आणि नभ

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडन प्रांतात रोमान्श भाषा बोलतात. तिच्यात ढगाला म्हणतात ‘नीवेल’. ऐकताच जर्मन ‘नेबेल’ (धुकं) आठवतो आणि आपल्याला तर थेट ‘नभ’च. रोमान्शमध्ये जर्मन शब्दांची उसनवारीही पुष्कळ आहे. पण हा शब्द उसना नाही.

तो आला लॅटिन ‘नूबिलुम’वरून, म्हणजे ढगाळ हवा. इ.स.पू. १५ मध्ये रोमनांनी हा आल्प्सचा मुलूख जिंकला आणि पुढे तिथे लॅटिन रुजली. ‘नू’चा ‘नी’ कसा झाला, ते स्वतःच्या तोंडात करून पाहण्यासारखं आहे. ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवा आणि जीभ ‘ई’च्या जागी न्या. जो स्वर निघतो, तो इंगाडिन खोऱ्यात आजही टिकून आहे. तिथे ढग म्हणजे ‘न्यूव्ला’. पश्चिमेकडच्या ऱ्हाइन खोऱ्यात ओठ सैल पडले आणि ‘ई’ उरला. चंद्राचंही तेच झालं: लॅटिन ‘लूना’, इंगाडिनमध्ये ‘ल्यूना’, पश्चिमेला ‘ल्यिना’. मधल्या ‘ब’चा ‘व’ होणं तर आपल्या घरचंच वाटावं, ‘दीप’मधल्या ‘प’चा ‘व’ होऊन ‘दिवा’ झाला तसं.

मग नभाचं काय? लॅटिन ‘नेबुला’ (तिचीच लेक इटालियन ‘नेब्बिया’), जर्मन ‘नेबेल’ आणि संस्कृत ‘नभस्’ ही सख्खी भावंडं. ‘नूबिलुम’ मात्र ‘नूबेस’ म्हणजे ढग या शब्दाच्या घरातलं, आणि त्यातला दीर्घ ‘ऊ’ नभाच्या धातूतून सरळ निघत नाही. म्हणून अनेक व्युत्पत्तिकार त्याचं मूळ वेगळं मानतात आणि पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातल्या, म्हणजे अवेस्तातल्या, ढगवाचक ‘स्नओध’शी त्याचं नातं जोडतात. कानाला जवळचा वाटणारा शब्द असा परका निघतो. मला व्युत्पत्तीत सर्वांत मोलाची वाटते ती हीच शिस्त: नातं ठरतं ते ध्वनिबदलाच्या नियमाने, नुसत्या सारखेपणाने नाही.

अर्थांचा प्रवासही पाहा. ‘नूबिलुम’ ढगाळ हवेवरून ढगावर आला. ‘नभस्’ धुकं आणि ढगावरून आकाशावर गेला. ‘अभ्र’ म्हणजे ढग, आणि त्यातून आपलं ‘आभाळ’ झालं. पण पावसाआधी अंगणातली वाळवणं गोळा करताना आपण अजूनही म्हणतो, ‘आभाळ आलंय.’ त्या वाक्यातलं आभाळ म्हणजे ढगच.